बाखच्या घरचा काला

थोर पुरुषाच्या चरित्रात त्याच्या घरास किती जागा द्यावी, हा वाद जुना आहे. एक पक्ष म्हणतो, कवीचे काव्य वाचावे, गवयाचे गाणे ऐकावे. त्याच्या स्वयंपाकघरात डोकावण्याचे आपणांस कारण काय? दुसरा पक्ष म्हणतो, ज्या घरात ते गाणे मुरले ते घर पाहिल्यावाचून गवई कळावयाचा नाही. आम्ही सामान्यतः दुसऱ्या पक्षाचे आहो. परंतु या पक्षाचे चरित्रकारही घरात शिरण्यापूर्वी एक खबरदारी घेतात, ती आम्हांस पसंत नाही. ते आधी वर्दी देतात. मग घरची मंडळी धुतलेली वस्त्रे नेसून, मुलांची नाके पुसून ओळीने उभी राहतात आणि चरित्रकार त्यांचे चित्र काढतो. त्या चित्रात भक्ती असते, कष्ट असतात, परस्परांविषयी माया असते. हसणे तेवढे नसते. कुटुंब धर्मनिष्ठ असले म्हणजे तर विचारावयासच नको. हसणे हे जणू त्या निष्ठेतील न्यून, अशा समजुतीने चरित्रकार ते हलक्या हाताने पुसून टाकतो.

ही समजूत कितपत खरी आहे हे तपासून पाहण्यास जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्या कुटुंबाइतके सोयीचे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. १९२५ साली लंडनमध्ये एक लहानसे इंग्रजी पुस्तक निघाले. ‘मग्दालेना बाखची छोटी बखर’ असे त्याच्या नावाचे मराठी करता येईल. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. पुस्तक लिहिले होते एस्थर मेनेल या इंग्रज बाईंनी. परंतु निवेदन होते बाखची दुसरी पत्नी ॲना मग्दालेना हिच्या तोंडी. त्यामुळे हे खरोखरीच त्या साध्वीचे आत्मवृत्त आहे अशी पुष्कळांची समजूत झाली, आणि पुढे जर्मन भाषांतर झाल्यावर खुद्द बाखच्या देशातही ती पसरली. मेनेलबाईंनी कोणास फसविण्याचा विडा उचलला होता असे आम्ही म्हणत नाही. कादंबरीकारास दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची मुभा असतेच. आमचा प्रश्न निराळा आहे. इतक्या वाचकांस ही बखर खरी का वाटली? आणि ती खरी नाही, हे कळण्यास तिच्यातच काही खूण आहे काय?

प्रथम या घराची थोडीशी ओळख करून देणे अवश्य आहे. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात बाख घराण्याच्या कित्येक पिढ्या संगीतावर जगल्या. कोणी देवालयात ऑर्गन वाजवी, कोणी नगराच्या वाद्यवृंदात असे, कोणी शाळेत मुलांस गायन शिकवी. एर्फुर्ट शहरात या घराण्याचा इतका जम बसला होता की, पुढे तेथे या कुळातील एकही मनुष्य उरला नसताना नगरवादकांस लोक ‘बाख’च म्हणत. अशा घराण्यात १६८५ साली सेबास्टियन जन्मला. त्याची पहिली पत्नी मारिया बार्बारा ही त्याच्याच कुळातील. १७२० साली तो आपल्या राजाबरोबर परगावी गेला असता ती अकस्मात वारली. तो परत आला तेव्हा तिचे दफनही होऊन गेले होते. पुढल्या वर्षी डिसेंबरात त्याने ॲना मग्दालेनाशी विवाह केला. ती वीस वर्षांची, तो छत्तीसचा. १७२३ साली हे बिऱ्हाड लाइपझिग येथे आले, बाख तेथील सेंट टॉमस शाळेचा संगीतगुरू झाला, आणि १७५० च्या जुलैत मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. दोन्ही पत्नींची मिळून त्यास वीस अपत्ये झाली. त्यांतील दहा मोठी झाली. मुले, शिष्य, आल्यागेल्याची वर्दळ यांनी भरलेल्या या घरास त्याच्या एका मुलाने पुढे कबुतरखान्याची उपमा दिली आहे, ती यथार्थच होय.

मेनेलबाईंची बखर या कबुतरखान्यात आपणांस नेते. दरिद्री वैधव्यात दिवस कंठणाऱ्या मग्दालेनेकडे पतीचा एक जुना शिष्य येतो आणि तिला आठवणी लिहावयास सांगतो, येथून कथेस आरंभ होतो. मग हॅम्बुर्गच्या देवालयात तिने सेबास्टियनचा ऑर्गन प्रथम कसा ऐकिला, लग्न कसे झाले, मुले कशी वाढली, हे सारे ती सांगते. पुस्तक टाकाऊ आहे असे कोणी समजू नये. लेखिकेने माहिती परिश्रमाने जमविली आहे, भाषा सोज्वळ आहे, आणि ज्याने बाखचे संगीत कधी ऐकिले नाही त्यास ते ऐकण्याची ओढ लागावी इतकी आर्तता तिच्यात खचित आहे. पुस्तकास इतके वाचक लाभले ते या गुणांमुळे. उणीव आहे ती माहितीत नव्हे, स्वरात आहे. ही मग्दालेना पतीकडे पाहते ती नेहमी खालून वर. त्याच्या रागावर, हट्टावर, हिशेबीपणावर तिने एकदा तरी तोंडाला पदर लावून हसावे, अशी वाट पाहत आम्ही पुस्तकाच्या शेवटास आलो. पण तिच्या पूजेत खंड पडला नाही.

आता अस्सल कागदांकडे वळू. बाखचे पहिले स्वतंत्र चरित्र फोर्केल नावाच्या विद्वानाने १८०२ साली प्रसिद्ध केले. बाखच्या दोन वडील मुलांशी त्याचा परिचय होता, त्यामुळे घरच्या गोष्टी त्यास घरच्या माणसांकडूनच कळल्या. तो सांगतो की, या घराण्याची पांगलेली मंडळी वर्षातून एक दिवस एर्फुर्ट, आयझेनाख किंवा आर्नश्टाट येथे एकत्र जमत. सगळेच देवालयांचे सेवक. सबब आरंभ व्हावयाचा तो उपासनेच्या गंभीर स्तोत्राने. स्तोत्र संपले की मात्र एकदम थट्टामस्करीस ऊत येई. मग जो तो आपापल्या आवडीचे रस्त्यावरचे गाणे घेई. एकाचे हास्यरसाचे, दुसऱ्याचे अंमळ चावटही. आणि ही निरनिराळी गाणी सारेजण एकाच वेळी, आयत्या वेळी सूर जुळवून गात. शब्द प्रत्येकाचे वेगळे, पण मेळ पक्का. या प्रकारास ते ‘क्वोडलिबेट’ म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मनास येईल ते’ असा आहे. गाणारे स्वतः पोट धरून हसत आणि ऐकणाऱ्यांसही हसवीत, असे फोर्केल लिहितो.

मराठी वाचकांस हा प्रकार समजावून सांगण्यास फार दूर जावयास नको. आपल्याकडे नामसप्ताहाची समाप्ती काल्याने होते. सात दिवस भजन, पारायण, कीर्तन. आणि शेवटी गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून केलेला तो गोड गोंधळ. कोणाची भाकरी, कोणाचे लोणचे, कोणाचे दही, हे तेथे विचारावयाचे नसते. काला हा सप्ताहाचा अपमान आहे असे कोणा वारकऱ्यास वाटत नाही. काल्यावाचून सप्ताह पुरा झाला असेही वाटत नाही. बाखच्या घरचे क्वोडलिबेट हा असाच एक काला. मात्र या काल्यास पात्र होण्यास आधी शिदोरी असावी लागे. चार गाणी एकदम गाऊन कानास गोड लागावयाची, तर प्रत्येक गाणारा आपल्या विद्येत मुरलेला पाहिजे. ज्यांस गंभीर स्तोत्र बिनचूक गाता येते त्यांनाच हा पोरकटपणा साधतो.

या काल्याचा एक घास दैवयोगाने शिल्लक राहिला आहे. १७०७ च्या सुमारास सेबास्टियनने स्वहस्ते लिहिलेली एका क्वोडलिबेटाची काही पाने मिळाली आणि १९३२ साली ती छापून निघाली. ते कोणाच्या तरी लग्नासाठी असावे. आरंभीचे व शेवटचे पान गहाळ आहे. शब्दांची रचना मूळ कोणाची हेही निश्चित सांगता येत नाही; हस्ताक्षर मात्र त्याचे. चार आवाज एकमेकांस टपल्या मारीत निघतात, आणि मध्येमध्ये कणीक मळावयाच्या काठवटीचा उल्लेख कारण नसता येत राहतो. ‘बाख’ या आडनावाचे जर्मन भाषेतील ‘भाजणे’ या क्रियापदाशी उच्चारसाम्य आहे, तेव्हा काठवटीची ही थट्टा घरच्याच माणसांवर असावी, अशी अभ्यासकांची अटकळ आहे. पुढे ज्याच्या उपासनासंगीतापुढे सारा युरोप नतमस्तक झाला, तो बाविशीतला तरुण लग्नघरात काठवटीवर कोट्या करीत बसला आहे, हे चित्र ज्यास पाहवत नाही त्याने बाखच्या वाटेस जाऊ नये हे बरे.

ही केवळ तरुणपणाची लहर म्हणावी, तर तसेही नाही. १७४१ साली प्रसिद्ध झालेली ‘गोल्डबर्ग’ या नावाने ओळखली जाणारी त्याची रचना घ्या. एक धून आणि तिची तीस रूपे असा तिचा पसारा आहे. त्यातील प्रत्येक तिसरे रूप अत्यंत कडक नियमांनी बांधलेले आहे; एक आवाज पुढे जातो आणि दुसरा ठरलेल्या अंतराने त्याचीच पावले गिरवतो. हा क्रम सत्ताविसाव्या रूपापर्यंत बिनचूक चालतो. तिसाव्या ठिकाणी श्रोता याच जातीच्या आणखी अवघड रूपाची अपेक्षा करीत असतो, आणि तेथे येते क्वोडलिबेट! त्यात ओळखू येणारी दोन गाणी गल्लीतली आहेत. एकात फार दिवसांनी भेटल्याचा सूर आहे. दुसऱ्यात कोबी आणि सलगम खाऊन खाऊन कंटाळलेल्या माणसाची तक्रार आहे. एवढ्या प्रचंड विद्वत्तेच्या शिखरावर कोबीची भाजी! त्यानंतर मूळची शांत धून परत येते आणि रचना संपते. स्तोत्रानंतर काला हा घरचा क्रम त्याने आयुष्याच्या उत्तरार्धातही मोडला नाही, याहून अधिक पुरावा काय पाहिजे?

संगीतातील विनोद जाणत्यास कळतो. पण संसारातील विनोद सर्वांच्या परिचयाचा असतो; आणि तो या घरच्या पत्रांत सापडतो. १७४८ च्या २ नोव्हेंबरला बाखने श्वाइनफुर्ट येथील आपला आप्त योहान एलियास यास एक पत्र लिहिले. हा एलियास काही वर्षे बाखच्या घरी राहून मुलांस शिकवीत असे व लिहिण्याचे काम पाहत असे. त्याने प्रेमाने द्राक्षमद्याचे एक पिंप भेट पाठविले होते. पिंप वाटेत हिंदकळले की आणखी काही झाले कोण जाणे, ते जवळजवळ तिसरा हिस्सा रिकामे होऊन आले. आत सहाच मापे उरल्याचे तपासनिसाने सांगितले. देवाच्या अशा उत्तम देणगीचा थेंबही सांडावा याबद्दल बाख हळहळ व्यक्त करतो, आभार मानतो, मुलीच्या जवळ आलेल्या लग्नाची वार्ता देतो, आणि मग ताजा कलम जोडतो. पुन्हा अशी भेट पाठविण्याची इच्छा आपण दर्शविली आहे खरी. परंतु गाडीभाडे १६ ग्रोशेन, घरपोच करणाराचे २, तपासनिसाचे २, एक जकात ५ ग्रोशेन ३ फेनिग, दुसरी जकात ३. म्हणजे एकेक माप मला जवळजवळ ५ ग्रोशेनांस पडले, आणि भेटीच्या वस्तूस ही किंमत फार होते!

आम्ही बेरीज करून पाहिली. एकूण २८ ग्रोशेन ३ फेनिग होतात, आणि सहांनी भागिता माप पावणेपाचाच्या आत पडते. हिशेब चोख आहे. या पत्रावरून बाखला कृपण ठरविणारे लोक आहेत. आम्हांस त्यांची कीव येते. ज्यास केवळ पैसे वाचवावयाचे असतात तो ‘पुन्हा तसदी घेऊ नये’ एवढे लिहून मोकळा होतो. रकमांची अशी गंभीर मांडणी करून भेटीस भाव लावीत नाही. कोकणातून फणस यावा, त्याची हमाली फणसाच्या किमतीवर जावी, आणि घरच्या वडिलांनी सर्वांस बसवून ती हमाली मोठ्याने वाचून दाखवावी, हे दृश्य आपल्या घरांत कोणी पाहिले नाही? वडील रागावलेले असतात हे खरे. आणि त्यांना हसू येत असते हेही तितकेच खरे.

या घरच्या विनोदाचा दुसरा नमुना इतका सरळ नाही, आणि आमच्या मते सर्व प्रकरणाचे मर्म त्यातच आहे. १७३० च्या २८ ऑक्टोबरला बाखने आपला बाळपणीचा मित्र एर्डमान यास पत्र लिहून दुसरीकडे एखादी नोकरी पाहण्याविषयी विनविले. लाइपझिगची महागाई, वरिष्ठांची संगीताविषयी अनास्था, अशी गाऱ्हाणी सांगून तो आपल्या प्राप्तीवर येतो. वर्षास सुमारे ७०० तालेर मिळतात; नेहमीपेक्षा मृत्यू अधिक झाले तर प्रेतयात्रांच्या गायनाची दक्षिणा वाढते; पण हवा निरोगी पडली की तीही घटते. गेल्या वर्षी अशा चांगल्या हवेमुळे आपले शंभरावर तालेर बुडाले, असे तो लिहितो. वाचणारास हसू आल्यावाचून राहत नाही. गावात कोणी मरत नाही म्हणून देवालयाचा गायक चिंतेत!

हा विनोद लेखकाने केलेला, की आपण काढलेला? प्रामाणिक टीकाकाराने येथे थांबून विचार केला पाहिजे. नोकरी मागणारा मनुष्य आपली अडचण मांडीत आहे. त्या काळी हे उत्पन्न कायदेशीर व नित्याचे होते. तेव्हा त्यास यात काही विपरीत वाटले नसेल, हा पक्ष अगदीच लंगडा नव्हे. पण आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १७२६ ते १७३० च्या आरंभापर्यंत त्याच लाइपझिगच्या त्याच हवेत मग्दालेनेची चार मुले मातीआड झाली होती. पुढील तीन वर्षांत आणखी तीन जावयाची होती. मृत्यू या मनुष्यास दक्षिणेच्या वहीतच तेवढा माहीत होता असे नव्हे. पाळण्याशेजारून ती वही घेऊन तो उठत असे, आणि दुसऱ्याच्या दारी गावयास जात असे. असा मनुष्य जेव्हा निरोगी हवेविरुद्ध तक्रार लिहितो, तेव्हा तो बेसावधपणे लिहितो असे मानणे आम्हांस जड जाते. ज्याची गाठ मृत्यूशी रोज पडते, त्याच्या बोलण्यात असा कोरडा विनोद आपोआप येतो. स्मशानातील लाकडे विकणारा किंवा गावचा जुना वैद्य ज्याने बोलता ऐकला आहे, त्यास आमचे म्हणणे पटेल.

आणि त्याच पत्राचा शेवट काय आहे? आपली मुले जन्मजात गायक-वादक आहेत, घरच्या माणसांनीच गाण्याबजावण्याचा मेळ उभा करता येतो, पत्नीचा आवाज स्वच्छ व उंच आहे, थोरली मुलगीही बरी साथ करते, असे तो समाधानाने सांगतो. चार मुले गेल्यावर उरलेल्यांचा हा मेळ होता. घरात गाणे चाले ते सुखाच्या भरात, ही कल्पना सोडून द्यावी. ते चाले म्हणून घर उभे राही, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल.

आता मग्दालेनेकडे वळू. कारण बखरीने खरा अन्याय केला आहे तो तिच्यावर. ती एका तुतारीवादकाची मुलगी, आणि लग्नाच्या वेळी कोथेनच्या दरबारात स्वतंत्र वेतन घेणारी गायिका होती. पतीच्या रचनांच्या तिने केलेल्या नकला इतक्या हुबेहूब आहेत की, तिचे अक्षर कोणते व त्याचे कोणते याविषयी पुढल्या विद्वानांचा घोटाळा झाला. एलियासच्या पत्रांतून ती आपणांस क्षणभर दिसते. तिला पाखरांचा षोक होता. हॅलेकडील एका गायनशिक्षकाजवळ गोड गाणारे लिनेट पाखरू आहे, हे पतीच्या तोंडून कळल्यावर ते वाजवी किमतीत मिळेल काय, म्हणून एलियासला पत्र लिहावे लागले. घरात एवढे गाणारे असताना बाईस आणखी एक गाणारा हवा होता! तिला पिवळ्या कार्नेशनची रोपे कोणी पाठविली, तेव्हा नाताळच्या खाऊने मुलांस होतो त्याहून अधिक आनंद तिला झाला आणि ती त्या रोपांस लेकरांप्रमाणे जपू लागली, असे तो लिहितो. हे वर्ष १७४० च्या सुमाराचे. तोवर सात मुले गमावलेली ती आई आहे, हे ठाऊक असणारास त्या रोपांच्या जपणुकीवर केवळ स्मित करून पुढे जाता येणार नाही.

१७२५ साली सुरू झालेली तिची संगीताची वही प्रसिद्धच आहे. तीत स्तोत्रे आहेत, नाचाच्या गती आहेत, मुलांचे पहिलेवहिले प्रयत्न आहेत, आणि तंबाखू ओढणाऱ्याचे अध्यात्म सांगणारे एक गाणेही आहे. चिलीम मातीची, मीही मातीचा, अशा तऱ्हेचा त्याचा आशय. उपदेश खरा आहे आणि थट्टाही खरी आहे. दोन्हींस एकाच वहीत, एकाच घरच्या हातांनी जागा मिळाली आहे. आपल्याकडे भारुडे रचणाऱ्या नाथांस ही वही दाखविली असती, तर त्यांस तीत नवल वाटले नसते.

या बाईस बखरीने काय दिले? तिचा गळा, तिची लेखणी, तिची पाखरे ही सर्व पतीच्या मूर्तीपुढे वाहण्याची फुले केली. मराठी वाचक मात्र अशा बखरीने फसू नये. कारण धर्मनिष्ठ, गाणाऱ्या घरातील पत्नी स्वतः लिहावयास बसली म्हणजे काय लिहिते, हे त्याच्या भाषेत नमूद आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत गाइली जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. १८९५ साली पतीने धर्मांतर केले, आणि पाच वर्षांच्या यातनेनंतर याही त्याच वाटेने गेल्या. ‘ख्रिस्तायन’ हे पतीने अपुरे ठेवलेले महाकाव्य त्यांनी पुरे केले. निष्ठेची याहून मोठी कसोटी कोणती? आणि तरीही पतीचा शीघ्रकोप, त्यांचे न सांगता निघून जाणे, हाती पैसा न टिकणे, यांची जी रेवडी त्या उडवितात, तिला तोड नाही. तितक्याच मोकळेपणाने त्या स्वतःलाही हसतात, आणि सोवळ्याच्या वेडाने सारे घर धुऊन काढणाऱ्या आपल्या वडिलांसही. वाचकाचा टिळकांविषयीचा आदर त्यामुळे यत्किंचित कमी होत नाही. उलट हा मनुष्य खरा होता, अशी खात्री पटते.

येथे त्या खुणेचा उलगडा होतो. जी त्या घरात राहिली आहे ती हसते, कारण ती ताजा कलम वाचते, जकात भरते, रात्री मुलांस थोपटते आणि सकाळी त्याच माणसाच्या हट्टापायी दोनदा पाणी तापविते. जी बाहेरून येते तिला मूर्ती दिसते. मेनेलबाईंची मग्दालेना बाहेरून आलेली आहे. वाचकांस ती खरी वाटली याचे कारण हेच की, आपणही बहुधा थोरांच्या घरी बाहेरूनच जातो, आणि मूर्ती पाहिली म्हणजे घर पाहिल्याचे समाधान मानतो. १९६८ साली श्ट्राउब व ह्विये या दांपत्याने याच नावाचा एक चित्रपट काढला. तो या पुस्तकावर आधारलेला नाही. अस्सल कागदांतूनच तो रचला आहे, म्हणून त्याची योग्यता वेगळी. परंतु कागदांतील हसणे तेथेही कठोर गांभीर्याखाली बरेचसे दडपले गेले आहे.

कोणी म्हणेल, या बाईच्या वाट्यास शेवटी जे आले त्यानंतर हसण्याची गोष्ट काढणे निर्दयपणाचे आहे. पतीच्या मागे घरातील वस्तूंची वाटणी झाली. मुलगे आपापल्या नोकऱ्यांवर दूर होते. तिच्यापाशी राहिल्या त्या मुली. १७६० च्या फेब्रुवारीत ती वारली, तेव्हा दफ्तरात तिची नोंद भिक्षान्नावर राहिलेली बाई अशी झाली. या घराचा एकोपा अभंग होता असे आम्ही म्हणत नाही. गाण्याने एकत्र बांधलेले घर गाणारा जाताच उसवले, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. पण बखर याच दैन्यापासून आरंभ करते आणि साऱ्या गत आयुष्यावर त्याची करुण छाया पाडते. हे आम्हांस मान्य नाही. १७४० साली पिवळी फुले पाहून जी बाई हरखली, तिला वीस वर्षांनंतरचे भिक्षान्न ठाऊक नव्हते. तिचा तो दिवस तिच्याच मालकीचा होता. पुढच्या दुःखापायी मागचे हसणे खोटे ठरविण्याचा अधिकार चरित्रकारास कोणी दिला?

तात्पर्य, ज्यांच्या घरी वाचनाची हौस आहे त्यांनी ही छोटी बखर अवश्य वाचावी. मात्र कादंबरी म्हणून वाचावी, आणि ती वाचून झाल्यावर बाखची व एलियासची चार पत्रे वाचावीत. मुलांस ती मोठ्याने वाचून दाखविण्यासही हरकत नाही. मद्याच्या पिंपाचा हिशेब आला म्हणजे मुले हसतील; त्यांस दटावू नये. त्यानंतर त्यांना ‘गोल्डबर्ग’मधील तिसावे रूप ऐकवावे, आणि कोबीची तक्रार त्यात कोठे लपली आहे ते शोधावयास सांगावे.